हात थरथरला नाही

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला नवऱ्याचा हात थरथरला नाही, आणि बायको धास्तावली.

दुसऱ्या कुठल्या बाईने सुटकेचा श्वास टाकला असता. हिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. तो खिडकीजवळच्या टेबलावर ओणवा बसला होता, डोळ्याला भिंग लावून. समोर एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. बाईंना घाई होती, त्या उभ्याउभ्याच बोलत होत्या आणि बोलण्याच्या नादात त्यांचा धक्का टेबलाला लागला. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा स्क्रू घरंगळला. नवऱ्याने तो चिमट्याने अलगद उचलला, जागेवर बसवला आणि पेचकसाने दोन वेढे देऊन मोकळा झाला. एका दमात, विचारही न करता.

मग त्याची नजर बायकोकडे गेली, आणि त्यानंतर त्याचा हात थरथरू लागला.

त्यानंतर! काउंटरमागच्या स्टुलावर बसल्या बसल्या तिने हा शब्द मनात तीन वेळा घोळवला. थरथर उशिरा आली होती. थरथर कधी उशिरा येते का? ताप उशिरा येतो, पाहुणे उशिरा येतात. ज्याचा हात मुळात थरथरतो, तो स्क्रू उचलताना थरथरतो, स्क्रू बसवून झाल्यावर नाही.

बाई घड्याळ घेऊन गेल्या. "काय हात आहे हो यांचा," असंही जाता जाता म्हणाल्या. ते ऐकून तर तिच्या अंगावर काटाच आला.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. दुकान लहानसं, दोन माणसं बसली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. पट्टे आणि सेल ती बघायची, मशीनचं काम तो. "पाच मिनिटांत देतो," हे त्याचं पालुपद, म्हणून सगळा बाजार त्याला मागून मिनिट्या म्हणायचा. पिण्याच्या वर्षांत मिनिट्याची पाच मिनिटं पाच महिन्यांवर गेली होती, तो भाग वेगळा. पण त्या वर्षांतही, रोज सकाळी साडेदहा ते बारा, त्याच्यासारखा कारागीर शोधून सापडला नसता.

कारण सकाळी उठल्यावर त्याचा हात असा थरथरायचा की बशीवर कप वाजायचा. स्वयंपाकघरात असली तरी तिला तो वाजताना ऐकू यायचा. दहाच्या सुमाराला तो "जरा आलोच" म्हणून बाहेर पडायचा आणि परत यायचा तो पाण्यासारखा शांत. मग भिंग डोळ्याला, चिमटा बोटांत, आणि केसाएवढी स्प्रिंग तो अशी बसवायचा की गिऱ्हाईक बघत राहायचं. दुपारनंतर जीभ जड व्हायची, मग पाय, मग सगळंच. इतर घरांत दारुडा अडखळायला लागला की बायकोला कळतं. या घरात तो अडखळायचा थांबला की कळायचं. स्थिर हात म्हणजे दोन ग्लास पोटात गेलेले. बारा वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

व्यसनमुक्ती केंद्रातून तो परत आला त्याला आता दहा महिने झाले होते. आला तेव्हा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचं आहे, वेळ लागेल. बारीक घड्याळं त्याने बाजूला ठेवली आणि भिंतीवरची मोठी घेतली; मनगटी उघडायचा ते कोणी फारच अडून बसलं तर. रोज सकाळी कप बशीवर वाजायचा आणि ती मनात म्हणायची, वाजतोय, म्हणजे कोरडा आहे. तेवढ्या आवाजावर तिचा सगळा दिवस उभा राहायचा. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "तुम्ही पहारेकरी होऊ नका. कमी बघा, जास्त बोला." ती मान डोलावून "हो हो" म्हणाली आणि घरी येऊन तिने पाण्याच्या टाकीत हात घालून बघितला.

आणि या आठवड्यात तर पहाऱ्याला कारणही होतं.

लेक तीन वर्षांपासून मावशीकडे राहत होती. शिक्षण संपलं, नोकरी याच गावात लागली, सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. राहायचं कुठे? घरी, नाहीतर वसतिगृहात. वसतिगृहवाल्यांना शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. फोनवर लेक म्हणाली होती, "शनिवारी सहाला फोन करते. बाबा पीत नाहीत ना, एवढंच सांग. पण आई, 'मी सांगते ना' असं म्हणू नकोस. तुझ्या 'मी सांगते ना'वर मी दोनदा तोंडावर आपटलेय."

दोनदा म्हणजे, पहिल्यांदा लेकीच्या बक्षीस समारंभाला. "बाबा छान आहेत, येतील, मी सांगते ना." बाबा आले आणि पहिल्या रांगेत झोपले. दुसऱ्यांदा परीक्षेच्या दिवशी. "बाबा घ्यायला येतील, मी सांगते ना." बाबा आले आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर सगळ्या वर्गासमोर पडले. दोन्ही वेळा आईला सकाळीच ठाऊक होतं. तिने झाकलं होतं. त्याच आठवड्यात लेक बॅग भरून निघून गेली, आणि जाताना ती बापाला काहीच बोलली नाही. जे बोलली ते आईला. "ते आजारी आहेत. तू खोटारडी आहेस."

हे वाक्य तिच्या छातीत अजून रुतून होतं. तिसऱ्यांदा खोटी पडली तर लेक कायमची गेली, हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणून शुक्रवारी तिने झडती घेतली. घड्याळं धुवायच्या बेन्झीनची बाटली हुंगली, बेन्झीनच निघालं. थर्मास हुंगला, रेनकोटच्या बाह्या पिळून पाहिल्या, संडासाच्या खिडकीवर चढली. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडल्या. पेपरमिंट! कर नाही त्या माणसाला पेपरमिंट कशाला लागतं? आणि रोज अकराला तो "पाय मोकळे करून येतो" म्हणून पाऊण तास जातो कुठे? इतके महिने ती समजत होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आता तिला स्वतःच्या भोळेपणाची लाज वाटली. म्हणजे हा पिऊन येतो, वर हात मुद्दाम थरथरवून दाखवतो. काय पण डोकं! आधी साधा दारुडा होता, आता नट झाला.

शनिवारी सकाळी कप बशीवर वाजला. तिने चोरून पाहिलं. जरा जास्तच वाजला.

अकराला तो निघाला. तिने शंभरपर्यंत आकडे मोजले, शटर अर्धं ओढलं, त्यावर "लगेच येते" अशी पाटी अडकवली आणि त्याच्या मागे निघाली. कोपऱ्यावर दारूचं दुकान होतं. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. न पाहणं हेसुद्धा तिला संशयाचंच वाटलं. जिथे नजर जायलाच हवी, तिथे जात नाही म्हणजे काय? पुढे तो मागच्या गल्लीत वळला आणि मास्तरांच्या दुकानात शिरला.

मास्तर म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो घड्याळं शिकला ते. म्हाताऱ्याची नजर गेली, दुकान तीन वर्षांपासून गिऱ्हाइकाला बंद. पण त्या दुकानातलं मागचं कपाट तिला चांगलं आठवत होतं. लग्न नवीन होतं तेव्हा, काम संपलं की त्याच कपाटातून बाटली निघायची आणि गुरू-शिष्य "थोडीशीच" घ्यायचे. सगळ्याची सुरुवात तिथूनच.

तिने काचेला नाक लावलं. आत तो मास्तरांच्या जुन्या टेबलावर बसला होता, दिव्याखाली. मास्तर शेजारच्या खुर्चीत, डोळे मिटून, कान टेबलाकडे. नवऱ्याच्या चिमट्यात घड्याळाची टिकटिक चालवणारं बॅलन्सचं चाक होतं, इवलंसं, खालची स्प्रिंग लोंबती. तो ते जागेवर उतरवत होता. हात दगडासारखा स्थिर. आणि कोपराशी काचेचा ग्लास, अर्धा भरलेला, पिवळट तपकिरी.

झालं. तिने दार ढकललं.

"वा!" ती म्हणाली. "छान चाललंय."

त्याचा चिमटा हवेतच थांबला. चाक सुटलं नाही, पडलं नाही. आधी ते त्याने शांतपणे डबीत ठेवलं, मग भिंग काढलं. एवढं होईपर्यंत तिने ग्लास उचलला होता. हुंगला. वासाचा भरवसा वाटेना, म्हणून सरळ तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

थंडगार, कडू, बिनसाखरेचा कोरा चहा.

एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण बारा वर्षांचं साचलेलं एका घोटात थोडंच उतरतं? ती त्याच्या तोंडासमोर गेली. "फुंका."

"अगं..."

"फुंका म्हणते ना! माझ्या तोंडावर श्वास सोडा. पेपरमिंट चघळून मला फसवताय होय?"

"पोरी," मास्तर चाचपडत उठले, "त्याचं बारक्या कामाच्या वेळी तोंड कोरडं पडतं, म्हणून मीच देतो त्याला गोळ्या. आणि कपाटातली बाटली शोधत असशील तर ती पहिल्याच दिवशी मोरीत ओतलीय. त्याच्यासमोर."

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सहाला पोरीचा फोन येणार आहे. काय सांगू तिला? हात स्थिर आहे तुमचा. मी डोळ्यांनी बघतेय."

नवऱ्याने आपले दोन्ही हात दिव्याखाली धरले.

"चार महिने झाले," तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वीच थांबला."

"काय थांबला?"

"हात. एका सकाळी उठलो आणि थरथर नव्हती. मला इतका आनंद झाला, वाटलं तुला ओरडून सांगावं. पण म्हटलं, तुझं तुलाच कळू दे. चहा घेतला, कप वाजला नाही. तुला कळलं. तू पांढरीफटक पडलीस. मी वळलो की कप उचलून हुंगलास. दोनदा. त्या दिवशी तू जेवली नाहीस. दर पंधरा मिनिटांनी माझ्या मागे येऊन उभी राहत होतीस. दुसऱ्या दिवशी मी कप वाजवला. तू पोटभर जेवलीस."

तिने हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"म्हणजे रोज..." ती म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही तो कप..."

"मुद्दाम वाजवतो. तुझ्यासमोर चिमटाही मुद्दाम हलवतो. इथे कोणी बघत नाही, म्हणून इथे नीट काम करतो. मास्तरांकडची पडून राहिलेली घड्याळं आहेत."

दुसऱ्या कोणाला इथे रडू आलं असतं. तिला राग आला, आणि तो खोटा नव्हता. "आधी पिऊन फसवायचात. आता न पिता फसवलंत. चार महिने! मी त्या कपावर जगत होते आणि तो कपही खोटाच?"

"हो," तो म्हणाला. "तेही खोटंच होतं. चुकलं माझं." त्याने कोट उचलला. "पण फुंकणार नाही मी. इथे नाही. मास्तरांसमोर नाही."

आणि तो निघून गेला.

ती दुकानात परतली. बारा वाजले, एक वाजला, तो आला नाही. दोन वाजता तिने ड्रायव्हरकाकांना फोन लावला. हे निवृत्त बस ड्रायव्हर, एकोणीस वर्षं दारूला न शिवलेले, आठवड्याच्या सभेत नवऱ्याला भेटलेले. मन सैरभैर झालं की आधी यांना फोन करायचा, असं दोघांत ठरलेलं. तिने घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचं फुंका-फुंका प्रकरणसुद्धा.

"माझ्याकडे अजून फोन आलेला नाही," काका म्हणाले.

"काका, ते आज प्यायले तर माझ्यामुळे."

"नाही. एवढा मान स्वतःकडे घेऊ नका. तो पीत होता ते तुमच्यामुळे नाही, आणि सोडली तीही तुमच्यामुळे नाही. चूक तुमची झाली, त्याचीही झाली. पण ग्लास उचलायचा की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवायचंय. बसा तिथे. गिऱ्हाईक आलं तर पट्टा बदलून द्या."

तिने तीन पट्टे बदलले. एक उलटा बसवला.

बसल्या बसल्या ती दहा महिने आठवत होती. तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं, "कसं वाटतंय? जड जातंय का?" टाकी बघितली, कोट बघितला, कप ऐकला. माणसाला विचारायचं राहून गेलं. समुपदेशक बाई हेच सांगत होत्या, आणि ही मान डोलावत होती. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती, आणि भीतीही इतकी वाटली नव्हती. भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ होती, म्हणून ती सारखी मनगटाकडे बघत होती.

साडेपाचला दारात सावली पडली. ती उठली नाही, पुढेही झाली नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

"जड गेलं का?" तिने विचारलं.

त्याला हा प्रश्न अपेक्षितच नव्हता. तो दारातच थबकला.

"कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभा होतो," तो म्हणाला. "किती वेळ, माहीत नाही. आत गेलो नाही. मग काकांना फोन केला. ते बसने आले. बसस्टॉपवरच बसलो दोघं, सात-आठ बस सोडल्या. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना नावं ठेवली." त्याला किंचित हसू आलं. "हो. जड गेलं. खूप."

"मला वाटलं तुम्ही..."

"मलाही वाटलं."

तो टेबलाशी जाऊन बसला. पावणेसहा झाले. सहाला दोन मिनिटं असताना फोन वाजला. लेक वेळेची पक्की, घड्याळवाल्याचीच पोरगी. आईने फोन घेतला आणि नवऱ्याला ऐकू जाईल असा काउंटरवर ठेवला.

"आई, बोल. पीत नाहीत ना?"

"मी सांगते ना" हे शब्द अगदी जिभेवर आले होते. सवयीने. तिने ते गिळले.

"आज नाही प्यायले," ती म्हणाली. "आज मी त्यांच्यावर चोरून प्यायल्याचा आळ घेतला, मास्तरांसमोर. खोटा. ते रागाने दारूच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत. उद्याचं मला माहीत नाही, बाळा. मी सांगू शकत नाही. आणि आणखी एक. त्यांचा हात चार महिन्यांपूर्वीच बरा झाला आणि मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी घाबरले. मी अजून बरी झालेली नाही. हे सगळं असं आहे. आता तू वसतिगृहात राहिलीस तरी मला राग नाही."

नवरा मान खाली घालून बसला होता.

"दुकानासमोर उभे राहिले, हे तू मला सांगितलंस," लेक म्हणाली. "आधी तू कधीच सांगितलं नसतंस."

"नसतं सांगितलं."

"उद्या सकाळच्या गाडीने येते. बॅगा जड आहेत, बाबांना स्टँडवर पाठव. आणि ते आले नाहीत तर मला तसं सांग. ताप आलाय म्हणू नकोस."

फोन ठेवून ती काउंटरवर डोकं टेकून रडली, अगदी हुंदके देऊन. नवऱ्याने मधे पडून समजूत काढली नाही. रडणं आटोपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, काउंटरच्या मागून स्टूल उचललं आणि त्याच्या टेबलाजवळ नेऊन ठेवलं.

"काढा एखादं बारकं," ती म्हणाली. "मला बघू द्या."

त्याने डबीतून एक जुनं बायकी घड्याळ काढलं आणि भिंग लावलं. झाकण उघडलं, चिमट्याने काटे उचलले, मग डायल, मग त्याच्या खालचं चाक. हात हलला नाही. तिने दिवा जरा जवळ ओढून दिला. असं काम ती वर्षानुवर्षं बघत आली होती, पण बघताना तिला कधी आनंद झाला नव्हता. आज होत होता, आणि तो तिला सोसवत नव्हता.

मग ती थोडी पुढे झुकली. दिवा सरळ करायला झुकले, असं तिने स्वतःला सांगितलं. पण नाकाने आपलं काम केलंच. बारीकसा, चोरटा श्वास.

त्याला कळलं. तिलाही कळलं की त्याला कळलं. ती शरमून मागे सरकणार, तोच त्याने चिमटा खाली ठेवला, भिंग काढलं आणि तिच्याकडे तोंड वळवलं.

"नीट घे," तो म्हणाला, आणि तिच्या तोंडावर लांब श्वास सोडला.